फुल बॉडी चेकअप नंतर, आधी कागद-पेन घ्या

मागं एकदा मी हौसेनं फुल बॉडी चेकअप करून घेतला होता. ८० च्या आसपास टेस्ट, १४ पानांचा रंगीत रिपोर्ट आणि त्यात पाच ठिकाणी लाल बाण. रात्री ११ वाजता एकेक बाण गूगल करत बसले आणि झोपेपर्यंत मला तीन मोठे आजार झालेले होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पानं भराभर उलटली, पाचही बाणांवर "ह्याचं काही नाही" म्हणत पेन फिरवलं आणि मग विचारलं, बीपी कधी बघितलंत शेवटचं? तर ते कुणी बघितलंच नव्हतं! ८० टेस्टमध्ये बीपी नव्हतं, कारण ते काय रक्ताच्या बाटलीत येत नाही.

त्या लाल बाणांची गंमत आधी सांगते, कारण ती कळली की अर्धी भीती जाते. बऱ्याचशा टेस्टची "नॉर्मल रेंज" ठरवतात कशी, तर भरपूर धडधाकट लोकांचे आकडे घ्यायचे आणि मधले ९५ टक्के लोक ज्यात बसतील ती रेंज. म्हणजे उरलेले ५ टक्के लोक ठणठणीत असूनही रेंजच्या बाहेरच. आता एकमेकांशी संबंध नसलेल्या २० टेस्ट एकदम केल्या तर पूर्ण निरोगी माणसाचा निदान एक तरी आकडा बाहेर पडायची शक्यता जवळजवळ ६४ टक्के होते. मग ८० टेस्टमध्ये बाण नाही आला तरच नवल. त्यामुळं जास्त टेस्ट म्हणजे जास्त काळजी घेतली असं काही नसतं, कधीकधी नुसती जास्त काळजी वाटते एवढंच.

मी डॉक्टर नाही, पण घरातल्या सगळ्यांच्या फायली माझ्याकडं असतात आणि इतक्या वर्षांत ह्या विषयात जरा डोकं घातलंय. माझी पद्धत आता एकच आहे, कुठलीही टेस्ट करायच्या आधी विचारायचं की ह्याचा रिपोर्ट वाईट आला तर मी नक्की काय वेगळं करणार? ह्याला ठोस उत्तर असेल तर टेस्ट करायची. "बघू तरी काय येतंय" हे उत्तर असेल तर सोडून द्यायची.

आणि एक गोष्ट आधीच, हे सगळं काहीही त्रास नसलेल्या माणसासाठी आहे. स्क्रीनिंग म्हणजे तेच, त्रास व्हायच्या आधी शोधणं. तुम्हाला गाठ लागतेय, शौचातून रक्त जातंय, उगीचच वजन उतरतंय, चालताना छातीत दाटतंय, तर तो चेकअपचा विषयच नाही, सरळ डॉक्टर गाठायचा. "गेल्या वर्षीची मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) नॉर्मल होती की" म्हणून गाठ अंगावर काढणाऱ्या बायका मी बघितल्यात, असं अजिबात करू नका.

पहिली पायरी: कागद

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त उपयोगी टेस्ट म्हणजे घरातल्यांचा इतिहास, आणि नेमका तोच कुणाकडं नसतो. एक कागद घ्या. आई, वडील, सख्खी भावंडं, मुलं ही पहिली ओळ. आजी-आजोबा, मावश्या, मामा, काका, आत्या ही दुसरी. प्रत्येकापुढं काय आजार झाला ते लिहा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कितव्या वर्षी झाला ते लिहा. वय का, तर वडिलांना ७८ व्या वर्षी हार्ट अटॅक येणं आणि ४८ व्या वर्षी येणं ह्यात डॉक्टरांच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक आहे. वडील किंवा सख्खा भाऊ ५५ च्या आत, किंवा आई-बहीण ६५ च्या आत हृदयविकाराच्या असतील तर तुमचा धोका वेगळा धरतात. आतड्याच्या कॅन्सरचं तर ह्या कागदावरून तारीखच निघते, सख्ख्या नात्यात कुणाला झाला असेल तर साधारण ४० व्या वर्षी किंवा त्या माणसाला ज्या वयात झाला त्याच्या १० वर्षं आधी, ह्यातलं जे आधी येईल तेव्हा तपासणी सुरू करायची. म्हणजे आईला ४६ ला झाला तर तुमची सुरुवात ३६ ला.

लोक सांगत नाहीत हा भाग वेगळाच. आमच्याकडं आजीला "पोटाचं काहीतरी" झालं होतं एवढंच सगळ्यांना माहीत. आत्याच्या मागं लागून लागून विचारलं तेव्हा कळलं की तो कॅन्सर होता, आणि तोही गर्भाशयाचा नव्हे, अंडाशयाचा, आणि ते वेगळं असतं, कारण अंडाशयाचा आणि स्तनाचा कॅन्सर कधीकधी एकाच जनुकातल्या दोषामुळं घरात फिरतो. तर नीट खोदून विचारा, आणि विचारायची माणसं आहेत तोवर विचारा.

त्याच कागदाच्या मागं स्वतःचं लिहा. चालू गोळ्या (व्हिटॅमिन आणि केसांच्या गोळ्यासुद्धा), ऑपरेशनं, तंबाखू-सिगारेट किती वर्षं, दारू किती, गरोदरपणात शुगर किंवा बीपी वाढलं होतं का. शेवटचं बायका हमखास विसरतात. गरोदरपणात शुगर वाढली होती आणि बाळंतपणानंतर उतरली, तरी पुढं डायबेटिस व्हायचा धोका जन्मभर जास्त राहतो, म्हणून अशा बाईनं दर १ ते ३ वर्षांनी शुगर बघायची असते, मूल कॉलेजात गेलं तरी.

दुसरी पायरी: बीपी, आणि तेही नीट

एकच तपासणी करणार असाल तर ही करा. बीपी वाढलेलं कळत नाही, डोकं दुखेल मग कळेल ह्या भ्रमात राहू नका. १८ च्या पुढं प्रत्येकानं बघायचं, तरुण असाल आणि नॉर्मल येत असेल तर ३ ते ५ वर्षांनी चालतं, चाळिशीनंतर किंवा वजन जास्त असेल, घरात बीपी असेल तर दरवर्षी.

पण मोजतात कसं ते बघा. तुम्ही जिना चढून धापा टाकत येता, कुणीतरी खुर्चीत बसवतं, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळतं आणि मोजता मोजता विचारतं, "काय मग, कसं काय?" आणि तुम्ही उत्तर देता. तो आकडा कचऱ्यात टाकायच्या लायकीचा असतो. नुसतं बोलल्यानं वरचा आकडा १०-एक अंकांनी वर जाऊ शकतो, लघवी तुंबलेली असली तरी तसंच, हात खाली लोंबकळत असला तरी तसंच. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तरी मशीन जास्तच दाखवतं, मग त्या माणसाला विनाकारण गोळी.

नीट मोजायचं असं. अर्धा तास आधी चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम नाही. लघवीला जाऊन या. टेकून बसायचं, पाय जमिनीवर टेकलेले, एकावर एक नाही. ५ मिनिटं गप्प बसायचं, आणि गप्प म्हणजे मोबाइलपण खाली. उघड्या दंडावर पट्टा, हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला. एकदा मोजायचं, एक मिनिट थांबून पुन्हा मोजायचं. पहिल्यांदा कधीतरी दोन्ही हातांवर बघा, दोन्हीत कायम १५ च्या वर फरक येत असेल तर डॉक्टरांना सांगा आणि पुढं ज्या हातावर जास्त येतं त्याच हातावर मोजत जा.

१२० बाय ८० च्या आत असेल तर छान. दवाखान्यात १४० बाय ९० किंवा वर येत असेल तर बहुतेक ठिकाणी त्याला हाय बीपी म्हणतात, अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी २०१७ मध्ये ती रेघ १३० बाय ८० वर आणली. एका रीडिंगवर कुणालाही पेशंट करायचं नसतं. घरी मशीन असेल तर ७ दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजा, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या सरासरीची रेघ जरा खाली असते, १३५ बाय ८५. डॉक्टरसमोर बसल्यावर बीपी चढणारे लोक असतात तसेच डॉक्टरसमोर एकदम शहाणं आणि घरी वाढलेलं असणारेही असतात, आणि ते दुसरे जास्त धोक्यात, कारण त्यांना कुणी पकडतच नाही. मशीन दंडाचं घ्या, मनगटाचं नको. १८० बाय १२० च्या वर गेलं आणि सोबत छातीत दुखणं, दम, बोबडं बोलणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं असं काही असेल तर मात्र सरासरी काढत बसू नका, तडक इमर्जन्सीत जा.

तिसरी पायरी: टेप, शुगर, कोलेस्टेरॉल

घरात शिवणकामाचा टेप असतो तो आणा. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड ह्यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून, टेप न आवळता पोटाचा घेर मोजा. पॅंट जिथं अडकवता तिथं नाही, तिथं मोजला की सगळेच बारीक. घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवा, म्हणजे उंची १६० सेंटीमीटर तर घेर ८० च्या आत. वजनकाट्यापेक्षा हा आकडा जास्त खरं बोलतो, कारण हातपाय बारीक आणि चरबी सगळी पोटात अशी माणसं काट्यावर साळसूद दिसतात.

शुगर ३५ च्या पुढं सगळ्यांनी बघावी, त्याआधी वजन जास्त किंवा घरात डायबेटिस असेल तर. नॉर्मल आली तर ३ वर्षांनी पुन्हा. उपाशीपोटीची शुगर १०० च्या आत नॉर्मल, १०० ते १२५ म्हणजे उंबऱ्यावर, १२६ आणि वर म्हणजे डायबेटिस, पण काही त्रास नसेल तर पुन्हा एकदा टेस्ट करून पक्कं करतात. दुसरी टेस्ट एचबीएवनसी, तिला उपाशी राहायला लागत नाही, गेल्या २-३ महिन्यांची सरासरी सांगते. ५.७ च्या आत ठीक, ६.५ आणि वर डायबेटिस, मधलं उंबऱ्यावरचं. आदल्या दोन दिवसांत पथ्य पाळून हिला फसवता येत नाही हे तिचं खास. पण तीही फसते, वेगळ्या कारणानं. ही टेस्ट लाल पेशींवर चिकटलेली साखर मोजते, त्यामुळं शरीरात लोह कमी असेल तर आकडा खोटाच वर दिसू शकतो आणि नुकतंच रक्त गेलं असेल किंवा रक्त चढवलं असेल तर खोटाच खाली. माझ्या बहिणीचं हिमोग्लोबिन ८ होतं तेव्हा एचबीएवनसी ६.१ आली, ती रडकुंडीला आली, उपाशीपोटीची शुगर मात्र ८८. लोहाच्या गोळ्या घेतल्यावर चार महिन्यांनी ५.४. म्हणून दोन टेस्ट एकमेकींशी भांडत असतील तर हिमोग्लोबिन विचारा.

कोलेस्टेरॉलसाठी आता बहुतेकदा उपाशी राहायची गरज नसते, लॅबवाले अजून सांगतात, सवयीनं. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ४०० च्या वर आलं तर मात्र उपाशीपोटी पुन्हा करायचं, कारण बऱ्याच रिपोर्टमधलं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) मोजलेलं नसतं, बाकीच्या आकड्यांवरून हिशेब करून काढलेलं असतं आणि ४०० च्या पुढं तो हिशेब गंडतो. टोटल कोलेस्टेरॉलचा आकडा एकटा बघून काही कळत नाही. डॉक्टर वय, बीपी, शुगर, सिगारेट आणि हे सगळं एकत्र घालून पुढच्या १० वर्षांचा हृदयविकाराचा धोका काढतात आणि गोळी द्यायची की नाही ते त्यावर ठरतं, तेव्हा विचारायचा प्रश्न "माझं कोलेस्टेरॉल किती" हा नाही, "माझा १० वर्षांचा धोका किती टक्के" हा आहे. लायपोप्रोटीन ए म्हणून एक टेस्ट आहे, ती आयुष्यात एकदा केली तरी पुरते कारण तो आकडा जन्मापासून साधारण तोच राहतो, घरात लवकर अटॅक आलेले असतील तर जरूर विचारा.

किडनीचं फक्त बीपी-शुगरवाल्यांना आवर्जून सांगते. नुसतं क्रिएटिनिन (किडनीसाठी रक्तात बघतात तो आकडा) नॉर्मल आहे म्हणून खुश होऊ नका, किडनीचं काम जवळपास निम्म्यावर येईपर्यंत तो आकडा गप्प बसू शकतो. लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रोटीन) वर्षातून एकदा बघा, ते आधी बोलतं.

कॅन्सरच्या तपासण्या: मोजक्याच, पण त्या चुकवू नका

देशोदेशी सुरुवातीचं वय थोडं मागंपुढं असतं, तुमच्याकडं काय सांगतात ते डॉक्टरांना विचारा, मी मोठा ढाचा सांगते.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. हा जवळजवळ सगळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळं होतो आणि संसर्ग होण्यापासून कॅन्सर होईपर्यंत १०-२० वर्षं जातात, म्हणजे पकडायला वेळच वेळ. २१ ते २९ मध्ये दर ३ वर्षांनी पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी घेऊन तपासणं), ३० नंतर ६५ पर्यंत दर ५ वर्षांनी एचपीव्ही टेस्ट किंवा दर ३ वर्षांनी पॅप, असा एक प्रचलित नियम आहे. जागतिक आरोग्य संघटना ३० पासून ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही टेस्ट करा म्हणते. पाळी चालू नसताना जा, आधीचे दोन दिवस आतून औषध-क्रीम काही वापरू नका. टेस्टला दोन-तीन मिनिटं लागतात, अवघडल्यासारखं होतं, दुखत फारसं नाही. लाज वाटत असेल तर काही ठिकाणी एचपीव्ही टेस्टसाठी स्वतःच काडीनं सॅम्पल घ्यायची सोय असते, ते चालतं. लस घेतलीय म्हणून टेस्ट सुटत नाही. आणि एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, नवऱ्यावर संशय घ्यायलाही ते कारण नव्हे, विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप पडून राहू शकतो. एवढ्या एका वाक्यानं एका मैत्रिणीच्या घरातलं भांडण थांबलंय म्हणून लिहिलं.

मॅमोग्राफी ४० किंवा ५० पासून, दर २ वर्षांनी (काही देशांत ३), ७० ते ७४ पर्यंत. पाळी येत असेल तर पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात घ्या, तेव्हा दुखतं कमी. वर-खाली वेगळे कपडे घाला. आणि डिओ, पावडर, क्रीम काहीही लावून जाऊ नका. मी गेले होते पहिल्यांदा मस्त डिओ मारून, तिथल्या टेक्निशियन बाईनं काही न बोलता ओला टिशू हातात दिला आणि काखेकडं बोट दाखवलं, कारण त्यातले कण फोटोत पांढरे ठिपके म्हणून येतात आणि ते कधीकधी कॅन्सरची खूण असणाऱ्या कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात. मग थंडगार पट्टीवर स्तन ठेवायचा, वरून दुसरी पट्टी खाली येते, बाई म्हणते "श्वास धरा", आणि तुम्ही "आता बास" म्हणणार तेवढ्यात ती सुटते. दोन्ही बाजूंचे मिळून साधारण चार फोटो. नंतर "पुन्हा या, अजून एक फोटो काढायचाय" असा फोन आला तर हातपाय गाळू नका, असं परत बोलावलेल्या बहुतेक बायकांना कॅन्सर नसतोच. आई-बहिणीला कमी वयात झाला असेल तर ४० ची वाट बघायची नाही, आधी विचारायचं.

मोठ्या आतड्याची तपासणी ४५ किंवा ५० पासून ७५ पर्यंत, पुरुष-बायका दोघांनीही. ह्यात लोक सगळ्यात जास्त टाळाटाळ करतात म्हणून जरा जास्त लिहिते. दोन रस्ते आहेत. एक, फिट नावाची शौचाची टेस्ट, दर एक-दोन वर्षांनी. घरी किट येतं, त्यात एक काडी असते, शौचाला चार ठिकाणी टोचायची, बाटलीत घालून झाकण लावायचं, तारीख लिहायची (तारीख लिहायला विसरले की काही लॅब सॅम्पल टाकून देतात), संपलं. भांड्यातल्या पाण्यात पडू द्यायचं नाही, आधी कागद अंथरायचा. ती डोळ्याला न दिसणारं रक्त शोधते, माणसाचंच रक्त ओळखते त्यामुळं आधी पथ्य नाही. दुसरा रस्ता कोलोनोस्कोपी, म्हणजे खालून कॅमेऱ्याची नळी घालून आतडं बघणं, नॉर्मल आली तर १० वर्षं सुट्टी. तिथं त्रास नळीचा नसतो, तुम्ही गुंगीत असता, त्रास आदल्या रात्रीच्या औषधाचा असतो, ते भरपूर पाणी पिऊन रात्रभर संडास. पण ते नीट प्या, कारण आतडं घाण राहिलं तर डॉक्टरांना काही दिसत नाही आणि पुन्हा तेच सगळं. तिचा फायदा असा की पॉलिप म्हणजे तो छोटा कोंब दिसला तर तिथल्या तिथं काढून टाकतात, कॅन्सर व्हायच्या आधीच, आणि पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण १० वर्षं लागतात.

माझ्या मामांची चूक सांगते. फिट पॉझिटिव्ह आली, मामा म्हणाले "मूळव्याध आहे मला, त्याचंच रक्त असणार, पुन्हा टेस्ट करू", पुन्हा केली, निगेटिव्ह आली, फाइल बंद. असं करायचं नसतं! पॉलिपातून रक्त रोज येत नाही, आज येईल, उद्या नाही, त्यामुळं दुसरी निगेटिव्ह आल्यानं पहिली पुसली जात नाही. पॉझिटिव्ह आली की कोलोनोस्कोपी, मूळव्याध असली तरी. मामींनी सात महिन्यांनी ओढत नेलं तेव्हा दोन पॉलिप निघाले, सुदैवानं साधे. कोलोनोस्कोपी करायचीच नसेल तर फिटपण करू नका, सुरुवातीचा "रिपोर्ट वाईट आला तर काय करणार" हा प्रश्न तो हाच.

फुप्फुसाची तपासणी सगळ्यांना नाही. वय ५० ते ८०, निदान २० पॅक-इयर सिगारेट, आणि अजून ओढत असाल किंवा सोडून १५ वर्षं झाली नसतील तर दरवर्षी कमी रेडिएशनचा सीटी स्कॅन, असा अमेरिकेतला नियम आहे. पॅक-इयर म्हणजे रोजची पाकिटं गुणिले वर्षं, २० सिगारेटचं एक पाकीट धरून. रोज १० सिगारेट ४० वर्षं म्हणजे २० झाले. छातीचा साधा एक्स-रे ह्या कामाला उपयोगाचा नाही. तंबाखू खाणाऱ्यांनी तोंड उघडून आरशात बघावं आणि दातांच्या डॉक्टरला वर्षातून एकदा दाखवावं, पांढरा-लाल चट्टा किंवा २-३ आठवड्यांत न भरणारं तोंडातलं फोड-जखम असेल तर लगेच.

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, तिच्या कॅन्सरसाठीची पीएसए ही रक्ताची टेस्ट भानगडीची आहे. ५५ ते ६९ मधल्या पुरुषांनी डॉक्टरशी बोलून ठरवावी, कारण तिच्यामुळं काही जीव वाचतात आणि काही लोकांचं जन्मात त्रास न देणारं दुखणं उकरून काढून ऑपरेशन होतं, मग लघवी धरता येत नाही, संबंधाचा त्रास होतो. करणार असाल तर आधीचे दोन दिवस सायकल चालवणं आणि वीर्यस्खलन टाळा, लघवीचा संसर्ग चालू असताना करू नका. केसांसाठी किंवा प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड घेत असाल तर ते सांगा, त्यानं आकडा जवळपास निम्मा होतो आणि खोटा दिलासा मिळतो.

उरलेल्या, पटकन

हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही आयुष्यात निदान एकदा. हाडं किती भक्कम आहेत ते बघणारा डेक्सा स्कॅन बायकांनी ६५ ला, पाळी लवकर गेली असेल, बरीच वर्षं स्टेरॉइड घेतले असतील किंवा साध्या पडण्यानं हाड मोडलं असेल तर आधी, टी-स्कोअर उणे २.५ किंवा खाली म्हणजे हाडं ठिसूळ. कधीही सिगारेट ओढलेल्या पुरुषांनी ६५ ते ७५ मध्ये एकदा पोटाची सोनोग्राफी, महाधमनी (पोटातली मुख्य रक्तवाहिनी) फुगलीय का बघायला. डोळे चाळिशीला एकदा नीट, फक्त चष्म्याचा नंबर नव्हे, काचबिंदूसाठी मागची नसपण बघायला सांगा कारण तो दुखत नाही, कडेकडेनं नजर खात येतो. डायबेटिस असेल तर डोळ्याचा पडदा दरवर्षी. धनुर्वाताची लस १० वर्षांनी, फ्लूची दरवर्षी, पन्नाशीनंतर नागिणीच्या लसीचं विचारा. आणि मनाचं. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही असं किती दिवस झालं, आणि उदास-निराश किती दिवस वाटलं, हे दोनच प्रश्न जगभर डॉक्टर विचारतात, आणि "बरेच दिवस" असं उत्तर असेल तर ते सांगायचं, "बाकी ठीक" म्हणून उठायचं नाही.

कशावर पैसे घालवू नका

धडधाकट माणसानं ट्यूमर मार्कर (कॅन्सरसाठीच्या रक्ताच्या टेस्ट) करू नयेत. सीए-१२५, सीईए वगैरे हे आधीच निदान झालेल्या पेशंटवर लक्ष ठेवायला असतात, बाकीच्यांत ते पाळी, सूज, सिगारेट अशा कशानंही वाढतात आणि मग स्कॅनमागून स्कॅन. काही त्रास नसताना थायरॉइडची सोनोग्राफीपण नको. दक्षिण कोरियात चेकअपसोबत स्वस्तात ती करायची पद्धत पडली, २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या १५ पट झालं, आणि त्यानं मरणाऱ्यांचं प्रमाण होतं तेवढंच राहिलं. म्हणजे हजारो लोकांच्या थायरॉइड ग्रंथी निघाल्या, जन्माच्या गोळ्या लागल्या, काहींचा आवाज गेला, आणि वाचलं कोण ते दाखवता येईना. पूर्ण शरीराचा एमआरआय पण त्याच माळेतला मणी.

तपासणीच्या दिवशी आणि नंतर

उपाशी म्हणजे ८ तास, १० ते १२ सांगितले असतील तर तेवढे, १६ नाही. साधं पाणी प्या, भरपूर प्या, शीर पटकन सापडते. बिनसाखरेची कॉफीसुद्धा नको. बीपीच्या गोळ्या बहुधा रोजच्यासारख्याच घ्यायच्या असतात, शुगरच्या गोळ्या-इन्शुलिनचं उपाशीपोटी काय करायचं ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. आदल्या दिवशी जिममध्ये अंग मोडून व्यायाम केला तर लिव्हरचे म्हणून छापलेले आकडे स्नायूंमुळंच वाढतात. केस-नखांच्या गोळ्यांत बायोटिन असतं, त्यानं थायरॉइडचे आकडे चुकतात, निदान दोन दिवस बंद ठेवा. ताप-सर्दीत जाऊ नका.

रिपोर्ट आला की बाण बघायच्या आधी मागचा रिपोर्ट शेजारी ठेवा. एकच आकडा तीन वर्षं तसाच जरासा बाहेर असेल तर तो बहुधा तुमचा स्वभाव आहे, आणि रेंजच्या आतच राहून दरवर्षी एका दिशेनं सरकत असेल तर तो विचारायचा. "काही असेल तर ते फोन करतील" हे धरून चालू नका. माझा एक रिपोर्ट एका लॅबनं जुन्या ईमेलवर पाठवला आणि तो पाच महिने तिथंच पडून होता, कुणी फोन केला नाही. सॅम्पल देतानाच विचारा कधी येणार, त्या तारखेला मोबाइलमध्ये रिमाइंडर लावा, आणि डॉक्टरला भेटल्यावर तीन गोष्टी विचारून त्या फायलीच्या वरच्या पानावर लिहा: ह्याच्यात काय करायचंय, पुन्हा कधी बघायचंय, आणि त्याआधी काय झालं तर लगेच यायचं.

आणि तपासण्या कधीतरी थांबवायच्यापण असतात, हे कुणी सांगत नाही. माझी आत्या ८१ ची आहे, गुडघे सोडले तर ठणठणीत, आणि तिला तिच्या मैत्रिणीनं केली म्हणून मॅमोग्राफी, कोलोनोस्कोपी सगळं करायचं होतं. डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली आणि तिला समजेल असं सांगितलं की ह्या तपासण्यांचा फायदा १०-१० वर्षांनी मिळतो आणि त्रास मात्र उद्याच सुरू होतो, त्या औषधानं रात्रभर संडासला पळताना तुम्ही पडलात तर खुब्याचं हाड मोडेल. मग त्यांनी तिचं बीपी मोजलं, पाच मिनिटं गप्प बसवून, डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगितलं, आणि उठता-बसता किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघितलं. मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं आणि आता ती माझ्या फायलीतली बारीक अक्षरं चष्म्याशिवाय वाचून दाखवते.